कड घासायची नाही

गाडीची पुढची काच दोघांनी उचलायची असते. एकाने ह्या बाजूला, एकाने त्या बाजूला रबराच्या वाट्या काचेला चिकटवायच्या, खटका दाबायचा, आणि कुणीतरी "हं" म्हटलं की एकदमच उचलायचं. पुढेमागे झालं की काच पिळते, आणि पिळलेली काच कुणाची सगीसोयरी नसते. आमच्या दुकानात हे "हं" आधी सासऱ्यांनी म्हटलं, मग आमच्या ह्यांनी, मग मुलाने. हल्ली ते मी म्हणते. माझं वय विचारू नका, गुडघे सांगतात तेवढं पुरे आहे.

मी काही हौसेने ह्यात पडले नाही. गडी ठेवून पाहिले. पहिला जेवायला म्हणून कंबर धरून गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्याने एका बसची काच अशी आपटली की तिचा चुरा अजून फरशीच्या फटींतून निघतोय. तिसऱ्याला काम येत होतं, म्हणून त्याला कोपऱ्यावरच्या काचवाल्याने पळवला. मग उरलं कोण? आमचे हे, ज्यांची पाठ काचा उचलून उचलून वाकली ती वाकलीच. कुणी विचारलं तर म्हणतात, "खाली काही पडलंय का बघतोय." आणि उरला मुलगा. त्याचं दुसरं टोक धरायला मी.

मुलाला सगळी गल्ली पैलवान म्हणते. एके काळी तो एकटा काच उचलायचा, नुसता बघ्यांना दाखवायला. मी वरून शिव्या घालायची आणि आतून फुगायची. आता ह्या पैलवानाला उजवा हात डोक्याच्या वर नेता येत नाही. शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत सारतो, मग बाकीचा माणूस त्यात शिरतो. डॉक्टरने खांद्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, खांद्यात एक दोरी असते, ती जुन्या फडक्यासारखी विरली आहे, थोडे धागे उरलेत. आत्ता थांबलात तर टाके घालून हात वाचवतो. अशीच ओझी उचललीत तर तेही तुटतील, मग माझ्याकडे येऊ नका.

पैलवान म्हणाला, "बरं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका टेम्पोची काच उचलली. उचलताना दात असे आवळले की मला माझ्या टोकाला ऐकू आलं.

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, असं म्हणतात. आमच्या घरात घोडंही ओझ्यानं गेलं आणि शिंगरूही ओझ्यानंच चाललं होतं. मी दोघांच्या मध्ये उभी, हातात रबराची वाटी.

आता ह्यांच्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. पाठ गेल्यावर ह्यांना दुकानात एकच काम उरलं होतं, कडा घासायचं. जुन्या काळी काच हाताने कापून यायची, तिची कड सुरीसारखी असायची. ती कुरुंदाच्या दगडाने घासून बोथट केल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. पुढे कारखान्यातून गोल कडेच्या काचा यायला लागल्या. त्यांना घासायची गरज नाही, हे मलाही दिसत होतं. पण आमच्या दुकानातली काच कुरुंदावरून गेल्याशिवाय गाडीत बसत नाही, हे बाजारात नाव होतं. गिऱ्हाईक उभं राहून बघायचं. हे दाराशी स्टुलावर बसायचे, दगड पाण्यात बुडवायचे, ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर आधी चांगला जोर देऊन घासायचे आणि मग सगळ्या काचेला वळसा घालून पुन्हा तिथेच यायचे. कान असा लावायचे की जणू काच काहीतरी सांगतेय. मग अंगठा फिरवून म्हणायचे, "न्या." तोवर काचेला कुणी हात लावायचा नाही. पैलवानानेसुद्धा नाही.

नुकसान काही नव्हतं. त्या काचा जाड, दगडासारख्या. घासा नाहीतर घासू नका, त्यांना काही फरक नव्हता. फरक ह्यांना होता.

हलकी काच आमच्याकडे आणली ती टॅक्सीवाल्याने. त्याच्या पुष्कळ टॅक्सी, आणि सगळ्यांच्या पुढच्या काचा आमच्याच हातून गेलेल्या. ह्या माणसाला गाडीतलं वजन बघवत नाही. वजन कमी तर इंधन कमी. त्याने गाड्यांतल्या गाद्या काढून पातळ बसवल्या, पायाखालची रबरं काढली. मी एकदा म्हटलं होतं, आता ड्रायव्हर तेवढे वाळवून बसवा. तो एक दिवस गळ्यात टाय बांधलेल्या एका माणसाला घेऊन आला. हा काचेच्या कंपनीचा. आम्ही त्याला टायवाला म्हणायला लागलो. माणूस तसा गरीब स्वभावाचा होता, फक्त बोलताना समोरच्याकडे न बघता काचेकडे बघायचा.

"मावशी, ही काच नेहमीच्या काचेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने हलकी आहे," तो म्हणाला. "आणि खडी उडून लागली तर नेहमीची तडकते तिथे ही तडकत नाही."

"पातळ आणि वर टणक? आमच्या धाकट्या नणंदेसारखी दिसते."

टॅक्सीवाला हसला. टायवाला हसला नाही, समजावत बसला. काच दोन पापुद्र्यांची असते, हे आम्हाला माहीत होतं. मध्ये चिकट पडदा, म्हणून फुटली तरी अंगावर येत नाही. ह्या काचेत आतला पापुद्रा कागदासारखा पातळ, पण तो रसायनात भिजवून काढलेला. त्याने त्याचं वरचं अंग घट्ट आवळलं जातं आणि तो सहजी फुटत नाही. मी ऐकलं. माझं लक्ष निम्मं पैलवानाकडे होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून, जसा कुणा दुसऱ्याचा सांभाळायला घेतलाय.

"तयार काच आहे," जाताना टायवाला म्हणाला. "काही करायचं नाही. अशीच बसवायची."

असं सगळेच म्हणतात. काच विकणाऱ्यांपैकी आजवर एकही असा भेटला नाही जो म्हणाला, हिच्यावर अजून थोडं काम आहे.

तो गेला आणि मी आणि पैलवानाने वाट्या चिकटवल्या. मी "हं" म्हटलं. नेहमीच्या जोराने उचललं, आणि काच एकदम हनुवटीपाशी आली. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं झालं. मी पैलवानाकडे बघितलं. त्याचे दात आवळलेले नव्हते. तोंड उघडंच राहिलं होतं.

"आई, हे काय आहे?"

"उचल पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा उचलली. मग सूनबाई पुढे झाली. ती दुकानात पावत्या करते, फोन घेते, जुन्या काचेखालचा काळा गम तारेने कापते. आजवर काचेला हात नव्हता लावलेला. पैलवानाच्या जागी उभी राहिली आणि माझ्याबरोबर उचलली, आणि उचलूनच म्हणाली, "आई, हे तर मला जमतंय."

मला वाईट सवय आहे, बरं काही झालं की मी रागावते. मी म्हटलं, "जमतंय तर खाली ठेव, नाचू नकोस." पण माझ्या डोक्यात तेव्हाच सगळं फिरलं होतं. टॅक्सीवाल्याच्या सगळ्या गाड्यांना ही काच. एक टोक मी, एक टोक सूनबाई. जड काचा कोपऱ्यावरच्याला, त्याने पळवलेल्या गड्याच्या खांद्यावर. आणि पैलवानाला टाके.

"आणा इकडे," हे स्टुलावरून म्हणाले.

आम्ही काच त्यांच्यापुढच्या लाकडी घोड्यावर ठेवली. त्यांनी दगड भिजवला. कोपऱ्यापासून सुरुवात केली. पातळ काचेचा आवाज वेगळा येत होता, बारीक, दातात वाळू आल्यासारखा. त्यांनी मान हलवली. "हिला जास्त घासायला पाहिजे," म्हणाले, आणि पुन्हा एक वळसा घातला. मग अंगठा फिरवला. "न्या."

काच बसली. टॅक्सी गेली.

आठवडा झाला नसेल, ती टॅक्सी परत आली. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती आणि वाकडी-तिकडी होत आरशापर्यंत गेली होती. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, दगड लागला नाही, खड्ड्यात गेली नाही, सकाळी उन्हात उभी होती आणि समोर बघता बघता चीर चालत गेली. टॅक्सीवाला मागोमाग आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं, निराश झालेल्याला काय देणार?

"मावशी, तुमच्या हातची काच कधी गेली नव्हती."

"काच तुमची होती," पैलवान म्हणाला. "हलकं ते हलकंच. मी आधीच म्हणत होतो."

त्याने आधी काहीही म्हटलेलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं. पण मी त्याला लोकांसमोर बोलले नाही. मला दिसत होतं तो का ओरडतोय. एवढी आशा दाखवून काढून घेतली की माणूस आशेलाच शिव्या देतो.

टॅक्सीवाल्याने टायवाल्याला बोलावलं. तो दुपारी आला. हे त्या वेळी घरी गेलेले असतात, जेवतात आणि घटकाभर पडतात, पाठीला तेवढीच उसंत. ते नव्हते हे मी त्या दिवशी नशीब समजले. नंतर तसं वाटलं नाही.

सूनबाईने तारेने गम कापला, आम्ही दोघींनी काच काढली. टायवाल्याने खिशातून भिंग काढलं आणि गुडघ्यावर बसून कोपरा बघितला. बराच वेळ बघितला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने काचेवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, कड कुणी घासली आहे का?"

बाहेर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं, तो वाजतच राहिला.

"आम्ही," मी म्हटलं.

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. मला पाटीवरची अक्षरं लागतात तेवढीच, पण डोळे चांगले आहेत. कडेला बारीक पांढरे ओरखडे होते, एकाला लागून एक, सगळ्या बाजूंनी. आणि चीर कोपऱ्यातल्या ओरखड्यातूनच निघाली होती. जिथे हे आधी जोर देतात, तिथूनच.

"हिचा सगळा जीव वरच्या अंगात आहे," टायवाला हळू आवाजात सांगू लागला. "दुधावर साय धरते तशी. ती आहे तोवर समोरून दगड मारा, काही होणार नाही. कडेला मात्र नखही लावायचं नाही. साय फाटली की आतला ताण बाहेर यायला वाट मिळते. मग उन्हाने, धक्क्याने, कधीतरी जाणारच. चूक माझी पण आहे. 'काही करायचं नाही' म्हटलं, काय करायचं नाही ते सांगितलं नाही."

माणूस प्रामाणिक होता. त्याच्यावर रागावता आलं असतं तर माझी दुपार सोपी गेली असती.

टॅक्सीवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, "आणखी एक काच देतो. ती टिकली तर सगळ्या गाड्या तुमच्याकडे. नाही टिकली तर मला कोपऱ्यावर जावं लागेल, मावशी. मग मला बोलू नका."

ते दोघं गेले आणि आम्ही तिघं त्या तडकलेल्या काचेभोवती उभे राहिलो.

"अण्णांना सांगायचं नाही," पैलवान म्हणाला.

"मग पुढची काच कोण अडवणार त्यांच्या हातून?" सूनबाई म्हणाली.

"पुढची काच नकोच. आपण जडच बसवू. चाललंय ना इतकी वर्षं?"

"तुझा हात चाललाय," मी म्हटलं.

"जाऊ दे हात. आई, त्यांच्याकडे ते एवढंच आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दाढी करतात ते त्या स्टुलावर बसण्यासाठी. तू त्यांना काय सांगणार, की तुम्ही काच फोडली?"

असा बोलला की मला क्षणभर त्याचा अभिमान वाटला आणि लगेच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ. एकाचा हात वाचवायचा तर दुसऱ्याचे हात रिकामे करायचे.

सूनबाईने मागे ठेवलेल्या काचांकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, असं केलं तर? मागे जुन्या काढलेल्या काचा आहेत. त्यातली एक रोज अण्णांपुढे ठेवायची. त्यांनी घासायची. आपण आतून दुसरी बसवायची. त्यांना कळणार नाही, आणि…"

"नाही."

"पण आई, त्यात कुणाचं…"

"मी माझ्या नवऱ्याच्या हातात खेळणं देणार नाही," मी म्हटलं. "त्यांनी ह्या दुकानात पाठ घातली आहे. त्यांना तू बाळासारखं एका कोपऱ्यात बसवून खुळखुळा देणार? आणि उद्या कळलं म्हणजे? ते वाकलेत, आंधळे नाहीत."

ती लाल झाली. पोर वाईट नाही, तिच्या मनात मायाच होती. पण माया अशी करू नये की माणसाचा मान जावा. मी तिला नंतर चहा करून दिला, आमच्यात माफी तेवढीच असते.

नवी काच आली त्या सकाळी मी ह्यांच्याबरोबरच निघाले. एरवी ते पुढे जातात, मी स्वयंपाक आटपून मागून. शटर मी उचललं, त्यांना ते आता जमत नाही. काच घोड्यावर होती. ते स्टुलावर बसले, दगड पाण्यात बुडवला.

"अहो, थांबा."

"काय?"

"ही काच घासायची नाही."

"का, टायवाला ओरडतो?" ते हसले. "ओरडू दे. त्याच्या बापाच्या वयाची काच घासली आहे मी."

"आधीची काच घासल्याने गेली."

दगडावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"कुणी सांगितलं?"

"भिंगातून दाखवलं. मी बघितलं. तुम्ही सुरुवात करता तिथूनच चीर निघाली होती."

"इतक्या काचा घासल्या. कधी गेली एक तरी?"

"नाही गेली. मी कुठे म्हणते गेली?"

"मग हीच का? दगड मारला तरी फुटत नाही म्हणतात ना?"

"समोरून नाही फुटत. कडेला खपत नाही तिला." टायवाल्याने सायीचं सांगितलं होतं ते मी सांगितलं, जसं समजलं तसं. सांगताना माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं, कुठे साय आणि कुठे काच. पण त्यांना कळलं. काचेचं त्यांना लवकर कळतं.

ते काचेच्या कोपऱ्याकडे वाकले. मग म्हणाले, "अगदी हलक्या हाताने?"

"नाही."

"दगड राहू दे. नुसतं ओल्या फडक्याने, वाळूची पूड घेऊन?"

"नाही हो."

"पैलवानाला माहीत आहे?"

"आहे."

"सुनेला?"

"तिलाही."

"म्हणजे मीच राहिलो होतो."

"हो."

त्यांनी दगड स्टुलाखाली ठेवला आणि हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. मी उभीच होते. मला वाटलं ओरडतील. तरुणपणी ओरडायचे, मीही दुप्पट ओरडायची, मग मोकळं व्हायचं. त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या जिभेला हाड नाहीच," ते शेवटी म्हणाले.

"नाही. म्हणून तर हे माझ्या वाट्याला आलं."

सूनबाई आणि पैलवान आले तेव्हा ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही. टॅक्सी आली. सूनबाईने कडेवरून नजर फिरवली, कुठे टवका नाही ना, एवढं बघायला टायवाल्याने सांगितलं होतं. मग ती ह्यांना म्हणाली, "अण्णा, तुम्ही बघता का एकदा? तुमचं बोट फिरवा."

तिला वाटलं असेल, एवढं तरी. ते म्हणाले, "तू बघितलंस ना? मग झालं. तुझे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत." आवाज गोड होता. त्या गोड आवाजानेच पोर गप्प झाली.

मी "हं" म्हटलं. आम्ही दोघींनी काच उचलली आणि काळ्या गमावर ठेवली. जड काच आपल्या वजनाने बसते, हिला सगळ्या बाजूंनी तळहाताने दाबून बसवावं लागतं आणि पट्ट्या लावून ठेवावं लागतं, म्हणजे ओझं गेलं तरी काम गेलं नाही. मी दाबत दाबत पलीकडे आले तेव्हा स्टूल रिकामं होतं. ते रस्त्याच्या कडेने घराकडे चालले होते, हात मागे बांधून, जमिनीकडे बघत. पैलवान त्यांच्या मागे निघाला. मी त्याला म्हटलं, "राहू दे." तो तसाच दारात उभा राहिला.

ती काच टिकली. त्या टॅक्सीने ऊन खाल्लं, खडी खाल्ली, काही झालं नाही. टॅक्सीवाल्याच्या गाड्या एकामागून एक यायला लागल्या. पैलवानाच्या खांद्याला टाके पडले. आता तो गळ्यात हात अडकवून फोनवर बसतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो की डाव्या हाताने लिहितोय, वेळ लागेल. पहिल्याच दिवशी तीन पावत्या त्याने अशा लिहिल्या की सूनबाईला त्याच फोनवर बसून गिऱ्हाइकांना विचारावं लागलं, तुमचं नाव काय. डॉक्टर म्हणतो, हात वर जाईल. सगळा नाही, पण केस विंचरण्यापुरता जाईल. कोपऱ्यावरचा म्हणतो, म्हातारीने दुकानात बायकांचं राज्य आणलं. म्हणू दे. त्याच्याकडचा पळवलेला गडीसुद्धा आता कंबर धरून चालतो.

हे पुन्हा दुकानात आले नाहीत. दाढी मात्र रोज करतात.

परवा दुपारी मी घरी गेले. दोन काचा बसवल्या होत्या आणि तिसरी यायची होती. हलकी काच असली तरी वाकावं लागतं, दाबावं लागतं, दोन्ही दंड संध्याकाळपर्यंत आपले राहत नाहीत. हे खिडकीपाशी बसले होते. इतक्या दिवसांत त्यांनी दुकानाचं नाव काढलं नव्हतं. मी ताट घ्यायला वळले तेव्हा म्हणाले, "बसतात का नीट?"

"बसतात."

"दोघी लागताच ना?"

"लागतोच. वजनासाठी नाही, रुंदीसाठी. एकटीचे हात पुरत नाहीत."

"मग तू कशाला मरतेस? मी येतो उद्यापासून. दुसरं टोक धरतो." ते उठून उभे राहिले, म्हणजे जेवढं राहता येतं तेवढं. "हलकी आहे ना? मला जमेल. 'हं' तू म्हण हवं तर."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा दाढी करून गुळगुळीत, डोळे असे की लग्नात बघितलेले आठवावेत. आणि पाठ. काच कितीही हलकी असो, ती गाडीवर ठेवायला छातीपाशी धरून पुढे झुकावं लागतं आणि तसंच थांबावं लागतं. ह्या माणसाला सकाळी पायात चप्पल घालायला भिंत लागते. एकदा हात सुटला तर काच जाईल. पाठ सुटली तर माणूस जाईल.

एकाच माणसाला किती वेळा नाही म्हणायचं असतं, कुणी सांगेल का?

"नाही," मी म्हटलं.

ते खाली बसले. बसायला वेळ लागला. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी लागत होती, मागेपुढे होत होती, ते तिच्याकडे बघत राहिले.

"उशिरा आली ही काच," ते म्हणाले.

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले, कारण उभं राहवत नव्हतं. त्यांनी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"गार झालंय."

झालंच होतं. तिसरी गाडी आली असेल, सूनबाई वाट बघत असेल. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि गरम करायला ठेवलं.